३४ दिवसांत उलटलेला डाव : रो मू-ह्यून यांच्यावरचा महाभियोग आणि २००४ची कोरियन निवडणूक

१२ मार्च २००४ रोजी दक्षिण कोरियाच्या संसदेने राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांच्यावरचा महाभियोगाचा ठराव १९३ विरुद्ध २ मतांनी मंजूर केला. त्या वेळी रो यांचा कारभार बरा चाललाय असं म्हणणारे लोक देशात तीस टक्केही नव्हते. म्हणजे विरोधकांच्या हातात दोन गोष्टी होत्या : सभागृहात दोन तृतीयांशाहून जास्त आकडा आणि समोर लोकांच्या मनातून उतरलेला अध्यक्ष. ३४ दिवसांनी, १५ एप्रिलला, सार्वत्रिक निवडणूक झाली. रो यांच्या बाजूचा उरी पक्ष पन्नासच्या आतून थेट १५२ जागांवर गेला. २९९ जणांच्या सभागृहात ते स्पष्ट बहुमत होतं. महाभियोग आणणाऱ्या दोन प्रमुख पक्षांपैकी एक ९ जागांवर आला.

असा निकाल दिसला की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो ‘सहानुभूतीची लाट’. या प्रकरणात तो शब्द मला अपुरा वाटतो. रो यांच्याविषयी लोकांना एकाएकी कळवळा आला होता, असं पुढच्या तीन वर्षांचे आकडे सांगत नाहीत. लोक चिडले होते ते ‘याला घरी पाठवायचं की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण?’ या प्रश्नावर. हा राग निवडणूक जिंकून देऊ शकतो, पण पाठिंब्यासारखा टिकत नाही. त्या महिन्याभरात काय घडलं आणि पुढे काय झालं, ते नीट पाहिलं की हा फरक कळतो.

माणूस, पक्ष आणि घटस्फोट

रो हे बुसानजवळच्या गिम्हे भागातल्या गरीब शेतकरी घरातले. वाणिज्य शाखेच्या हायस्कूलपर्यंत शिक्षण, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, आणि तरीही १९७५ साली वकिलीची अतिशय अवघड सरकारी परीक्षा पास. ऐंशीच्या दशकात लष्करी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि कामगारांचे खटले त्यांनी चालवले. राजकारणात आल्यावर एक हट्ट धरला. कोरियात मतदान प्रदेशाप्रमाणे होतं : आग्नेयेचा ग्योंगसांग भाग एका पक्षाचा, नैर्ऋत्येचा जोला भाग दुसऱ्याचा. रो मूळचे ग्योंगसांगचे, पण पक्ष जोलाचा मानला जाणारा. तरी ते पुन्हा पुन्हा बुसानमधून उभे राहिले आणि पडले : १९९२ला संसदेसाठी, १९९५ला महापौरपदासाठी, २०००ला परत संसदेसाठी. त्या शेवटच्या पराभवानंतर इंटरनेटवर त्यांच्या चाहत्यांचा गट तयार झाला, ‘नोसामो’. याच गटाच्या जोरावर ते आधी पक्षाची उमेदवारी आणि मग डिसेंबर २००२ची अध्यक्षीय निवडणूक जिंकले. ४८.९ टक्के विरुद्ध ४६.६, म्हणजे निसटता विजय.

संसदेत बहुमत मात्र ग्रँड नॅशनल पार्टी या उजव्या पक्षाचं. रो यांचा स्वतःचा पक्ष मिलेनियम डेमोक्रॅटिक पार्टी. तोही त्यांना कधी मनापासून आपला मानत नव्हता. सप्टेंबर २००३ मध्ये तो फुटला. रो समर्थकांनी नोव्हेंबरमध्ये उरी पक्ष काढला. ‘उरी’ म्हणजे ‘आमचा’. अध्यक्षांनी जुना पक्ष सोडला, नव्यात लगेच प्रवेश घेतला नाही, पण मन कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागे राहिलेल्या मिलेनियम डेमोक्रॅट्सच्या दृष्टीने ही सरळ गद्दारी होती : आम्ही निवडून आणलं आणि यांनी घर फोडलं. पुढे जे झालं त्यात या दुखावलेपणाचा वाटा उजव्या पक्षाच्या वैरापेक्षा कमी नव्हता.

त्यात भ्रष्टाचाराचं प्रकरण. २००२च्या प्रचारात दोन्ही बाजूंनी उद्योगसमूहांकडून बेहिशेबी पैसा घेतल्याचं तपासात बाहेर येऊ लागलं. रो यांच्या जवळच्या माणसांना अटक झाली. ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की माझ्यावर विश्वास आहे का, हे जनतेला मतदान घेऊन विचारा. डिसेंबरमध्ये तर म्हणाले, आमचा काळा पैसा विरोधकांच्या एक दशांशापेक्षा जास्त निघाला तर मी राजीनामा देईन. पुढे तपासात तो एक दशांशाच्या वर गेला. अध्यक्षाने बोलावं कसं नाही, याचा हा उत्तम नमुना.

पण विरोधकांचं चित्र याहून वाईट होतं. १,५०० कोटी वॉन रोख भरलेला अडीच टनी ट्रक हायवेवरच्या विश्रांती थांब्यावर ग्रँड नॅशनलच्या माणसाच्या ताब्यात देण्यात आला होता. चावी हातात दिली, ट्रक पैशांसकट नेला. तेव्हापासून त्या पक्षाला ‘ट्रकभर पैशांचा पक्ष’ हे नाव चिकटलं. उद्या हाच पक्ष भ्रष्टाचाराच्या मुद्द्यावर अध्यक्षाला काढायला उठला तर लोक काय म्हणतील, हे कळायला जनमत चाचणी घ्यायची गरज नव्हती.

कारण किती मोठं होतं?

२४ फेब्रुवारी २००४ रोजी टीव्ही पत्रकारांपुढे बोलताना रो म्हणाले की लोक उरी पक्षाला भरभरून पाठिंबा देतील अशी आपल्याला आशा आहे. कोरियन कायद्यात सरकारी पदावरच्या माणसाने निवडणुकीत तटस्थ राहायचं असतं. ३ मार्चला निवडणूक आयोगाने अध्यक्षांनी हे बंधन मोडल्याचं सांगितलं आणि ते पाळावं असं पत्र पाठवलं. शिक्षा नाही, दंड नाही. समज दिली म्हणा. विरोधकांनी माफी मागायला सांगितलं. अध्यक्षांच्या कार्यालयाने उलट कायद्यालाच जुनाट ठरवलं.

९ मार्चला १५९ सदस्यांच्या सहीने ठराव दाखल झाला. त्यात तीन आरोप होते : निवडणूक कायद्याचा भंग, जवळच्या माणसांचा भ्रष्टाचार आणि अर्थव्यवस्थेची दुर्दशा. तिसरा आरोप मला सगळ्यात बोलका वाटतो. अर्थव्यवस्था नीट न चालवणं हे निवडणूक हरण्याचं कारण असतं, पदावरून हाकलण्याचं नाही. तो आरोप घालून विरोधकांनी नकळत कबूलच केलं की आम्हाला हा माणूस नकोय आणि कायदा त्यासाठी हाताशी आलाय.

आता या घाईचं गणित. ज्या संसदेने हे केलं ती २०००मध्ये निवडलेली होती. तिची मुदत मे अखेर संपत होती, नवी निवडणूक महिन्यावर आली होती. एवढी वाट बघितली असती तर लोकांनीच मत दिलं असतं. पण वाट बघणं मिलेनियम डेमोक्रॅट्सना परवडणारं नव्हतं. जानेवारीत टीव्हीवरचा माजी वृत्तनिवेदक चुंग डोंग-यंग उरीचा अध्यक्ष झाल्यापासून तो पक्ष चाचण्यांमध्ये वर सरकत होता आणि तो खात होता ती मतं मिलेनियम डेमोक्रॅट्सचीच. पक्षाचे नेते चो सून-ह्युंग यांनी महाभियोगाची भाषा सुरू केली ती या घसरणीत. म्हणून ‘महाभियोगाने उरीला शून्यातून उभं केलं’ हे जे सांगितलं जातं ते खरं नाही. उरी आधीच आघाडीवर येत होता. त्याला धक्का मिळाला तो मागून, आणि प्रचंड मिळाला.

तरीही ठराव पास होणं नक्की नव्हतं. सही केलेल्यांतही कुरकुर होती आणि १८१ मतं लागणार होती. ११ मार्चला रो यांनी पत्रकार परिषद घेतली. प्रचाराच्या पैशांबद्दल माफी मागितली. निवडणूक कायद्याबद्दल मात्र साफ नकार. शिवाय आपल्या मोठ्या भावाला पैसे दिल्याचा आरोप असलेल्या एका बांधकाम कंपनीच्या माजी प्रमुखाचं नाव घेऊन जाहीर टोमणा मारला. त्या गृहस्थाने त्याच दिवशी हान नदीवरच्या पुलावरून उडी मारून जीव दिला. काठावरचे सदस्य त्या दुपारनंतर ठरावाच्या बाजूला गेले. विरोधकांच्या चुकांवर पुष्कळ लिहिलं गेलं. रो यांनी त्या दिवशी जे केलं तेही त्याच मापाने मोजायला हवं.

सभागृहातली सकाळ

उरीच्या सदस्यांनी रात्रभर व्यासपीठ अडवून धरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सभापती पार्क क्वान-योंग यांनी सुरक्षारक्षकांना आत बोलावलं. कोट-टाय घातलेल्या खासदारांना हातापायाला धरून, उचलून, फरफटत बाहेर काढलं गेलं. कुणी रडत होतं, कुणी ओरडत होतं, सभापतींच्या दिशेने बूट आणि नावाच्या पाट्या भिरकावल्या जात होत्या. मतदान त्या गोंधळातच उरकलं. निकाल जाहीर झाला तेव्हा उरीच्या सदस्यांनी सभागृहात राष्ट्रगीत म्हटलं. हे सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. रो त्या वेळी राजधानीत नव्हते. चांगवॉनमध्ये एका कारखान्याच्या भेटीवर होते. घटनेप्रमाणे त्यांचे अधिकार त्याच दिवशी थांबले आणि पंतप्रधान गो कुन हंगामी अध्यक्ष झाले. शेअर बाजार घसरला. सरकार मात्र शांतपणे चालत राहिलं आणि त्यामुळे ‘देश बुडाला’ ही भीती फार दिवस टिकली नाही. लोकांच्या मनात राहिलं ते फरफटत नेणं.

संध्याकाळपर्यंत वाहिन्यांच्या चाचण्या आल्या. वेगवेगळ्या संस्थांचे आकडे थोडे इकडेतिकडे, पण सूर एकच : दहापैकी सात जणांच्या मते महाभियोग चुकीचा होता. हा आकडा त्या तीस टक्क्यांच्या शेजारी ठेवून बघा. ज्यांना रो आवडत नव्हते अशा लोकांपैकी किमान निम्म्यांना तरी त्यांना काढणं मान्य नव्हतं. विरोधकांची गफलत नेमकी इथे झाली. ‘हा माणूस काम नीट करत नाही’ या उत्तराला त्यांनी ‘याला काढा’ असं वाचलं. चाचणीत हे दोन प्रश्न वेगळे विचारले जातात, पण नेत्यांना बहुधा पहिलाच आकडा दाखवला जातो.

त्या रात्रीपासून मेणबत्त्या घेऊन लोक संसदेबाहेर, मग सोलच्या मध्यभागी ग्वांगह्वामुनला जमू लागले. २० मार्चच्या शनिवारी एकट्या सोलमध्ये पोलिसांच्या अंदाजानेही लाखाहून जास्त माणसं होती. ऑफिसातून थेट आलेले लोक, कडेवर मुलं घेतलेले आईबाप. गर्दीत सगळे रो यांचे चाहते नव्हते. अनेकांचा मुद्दा साधा होता : १९८७मध्ये रस्त्यावर उतरून अध्यक्ष थेट निवडण्याचा हक्क आम्ही मिळवला, तो महिन्याभरात घरी जाणाऱ्या खासदारांनी परत घ्यायचा नाही.

वाहिन्यांची भूमिका काय होती, हा वादाचा विषय राहिला. रडणारे, ओढले जाणारे खासदार दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. विरोधकांनी पक्षपाताचा आरोप केला आणि नंतर माध्यम अभ्यासकांच्या संस्थेने केलेल्या तपासणीतही ते प्रसारण एकतर्फी ठरवलं गेलं. आरोपात तथ्य होतं, असं मानायला हरकत नाही. पण दृश्य वाहिन्यांनी तयार केलेलं नव्हतं.

तंबू

मार्चच्या मध्यावर उरीला चाचण्यांमध्ये पन्नास टक्क्यांच्या घरात पाठिंबा होता. दोनशे जागांची भाषा सुरू होती. ग्रँड नॅशनलला शंभर जागा तरी मिळतील का, अशी शंका त्याच पक्षात होती. शंभर या आकड्याला अर्थ होता : तेवढे सदस्य असले की घटनादुरुस्ती अडवता येते.

२३ मार्चला पक्षाने नवा नेता निवडला, पार्क ग्युन-हे. १९६१ ते १९७९ सत्तेवर असलेल्या पार्क चुंग-ही यांची मुलगी, देगू भागातली खासदार. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पक्षाचं आलिशान मुख्यालय सोडलं, पक्षाची पाटी स्वतः हाताने वाहून नेली आणि येओइदो बेटावरच्या मोकळ्या जागेत तंबू टाकून तिथून कारभार सुरू केला. ट्रकभर पैशांच्या डागावर याहून चांगला उपाय कुणाला सुचला नसता. महाभियोग बरोबर होता की चूक, यावर त्या फार बोलल्या नाहीत. मागणं वेगळं होतं : आम्ही चुकलो, पण सगळी सत्ता एकाच्या हातात देऊ नका, अडवायला तरी ठेवा.

उरीने त्यांना मदतही केली. चुंग डोंग-यंग एका मुलाखतीत बोलून गेले की साठी-सत्तरीतल्या लोकांनी मतदान नाही केलं तरी चालेल, घरी विश्रांती घ्यावी. हे बाहेर आलं १ एप्रिलला. ज्या देशात वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूपसुद्धा बदलतं, तिथे हे वाक्य किती झोंबलं असेल! चुंग ठिकठिकाणी जाऊन वृद्धांपुढे माफी मागत राहिले आणि मतदानाच्या तीन दिवस आधी प्रचारप्रमुखपद आणि आपली उमेदवारी दोन्ही सोडून मोकळे झाले. तोवर आग्नेयेतला मतदार आपल्या जुन्या घरी परतला होता. तीन आठवड्यांत दोनशे जागांचा अंदाज दीडशेवर आला.

मतमोजणी

मतदान ६०.६ टक्के. २०००मध्ये ते ५७.२ होतं. म्हणजे संताप मोठा असला तरी मतदारांचे नवे लोंढे आले नाहीत. निकाल फिरला तो मतं इकडून तिकडे गेल्यामुळे आणि मतांचं जागांत रूपांतर होण्याच्या पद्धतीमुळे. कोरियात पहिल्यांदाच प्रत्येकाला दोन मतं होती : एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, एक पक्षाला. मतदारसंघांत उरीला साधारण ४२ टक्के मतं आणि २४३पैकी १२९ जागा; ग्रँड नॅशनलला ३८च्या आसपास मतं आणि १०० जागा. पक्षाच्या मतात अंतर आणखी कमी, ३८.३ विरुद्ध ३५.८. महाभियोगाला विरोध सत्तर टक्क्यांचा होता आणि उरीला पक्ष म्हणून मत दिलं चाळीस टक्क्यांहून कमी लोकांनी. या दोन आकड्यांमधली माणसं बरीचशी डाव्या डेमोक्रॅटिक लेबर पार्टीकडे गेली. तिला १३ टक्के मतं मिळाली आणि शून्यावरून ती १० जागांवर आली.

सोलच्या ४८पैकी ३२ जागा उरीने घेतल्या. ग्रँड नॅशनलचे सभागृह नेते हाँग सा-डक, महाभियोगाचे एक सूत्रधार, सोलशेजारच्या इल्सानमध्ये उरीच्या हान म्योंग-सूक यांच्याकडून हरले. या बाई पुढे कोरियाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. पण देगूच्या बाराच्या बारा आणि बुसानच्या १८पैकी १७ जागा ग्रँड नॅशनलकडेच राहिल्या. पक्ष १२१वर थांबला. बहुमत गेलं, घर शाबूत राहिलं.

खरी शिक्षा मिळाली ती मिलेनियम डेमोक्रॅट्सना. साठेक जागांवरून ९. आणि ती दिली त्यांच्याच माणसांनी, जोलाच्या मतदारांनी. या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते.

जोलाचा माणूस रो यांच्यावर नाराज होता. पक्ष फोडला म्हणून त्यांना नावं ठेवत होता. पण मे १९८०मध्ये ग्वांगजूत लष्कराने माणसं मारली, आणि ज्यांनी मारली त्यांच्या राजकीय वारशातून ग्रँड नॅशनल पक्ष आलाय, ही आठवण तिथे घराघरात जिवंत आहे. चो सून-ह्युंग यांनी त्या पक्षाच्या शेजारी बसून, त्या पक्षाबरोबर मतदान करून, ज्या अध्यक्षाला जोलाने नव्वद टक्क्यांहून जास्त मतं दिली होती त्यालाच पाडलं. घरातलं भांडण होतं, यांनी ते शेजारच्या वैऱ्याला घेऊन सोडवलं. ग्वांगजूच्या सातही जागा आणि उत्तर जोलाच्या अकराही उरीला गेल्या. मिलेनियम डेमोक्रॅट्सना उरल्या दक्षिण जोलातल्या पाच.

पक्षाने ही चूक ओळखली ती एप्रिलच्या सुरुवातीला. प्रचाराची धुरा सोपवलेल्या चू मी-ए यांनी ग्वांगजूत तीन पावलं चालायचं आणि एकदा जमिनीला डोकं टेकवायचं अशी तीन दिवसांची क्षमायात्रा काढली, मे १९८०च्या मृतांच्या स्मशानभूमीकडे. गुडघे सोलले, रस्त्यावरचे लोक रडले. मतं दिली नाहीत. त्या स्वतः सोलमध्ये हरल्या. चो यांनी प्रादेशिकतेविरुद्ध लढतो म्हणून देगूतून उमेदवारी भरली होती, तेही पडले. किम जोंग-पिल हे दहाव्यांदा संसदेत जायला निघालेले जुने नेते, त्यांच्या छोट्या पक्षानेही ठरावाला साथ दिली होती. पक्षाच्या यादीत पहिला क्रमांक असूनही ते निवडून आले नाहीत आणि राजकारणातून निवृत्त झाले.

थोडक्यात, महाभियोगाला विरोध देशभर होता, शिक्षा सारखी नव्हती. ज्याचा बालेकिल्ला त्या विरोधापासून लांब होता तो वाचला. ज्याचा स्वतःचा मतदार त्या विरोधात उभा होता तो संपला.

न्यायालय निकालानंतर

सगळा खटला घटना न्यायालयापुढे चालूच होता. नऊपैकी सहा न्यायाधीशांनी होकार दिला तर अध्यक्ष जाणार होते. संसदेची बाजू मांडायला विधी समितीचे अध्यक्ष किम की-चून. रो यांच्या वकिलांमध्ये मून जे-इन. ते नुकतेच अध्यक्षांच्या कार्यालयातली नोकरी सोडून नेपाळमध्ये ट्रेकिंगला गेले होते, बातमी कळल्यावर परत आले.

१४ मे रोजी न्यायालयाने महाभियोग फेटाळला. रो यांनी कायदा मोडला हे मान्य केलं : निवडणुकीतली तटस्थता मोडली, निवडणूक कायद्याची अवहेलना केली, स्वतःवरच्या विश्वासासाठी जनमत घ्यायचा प्रस्ताव घटनेत बसत नव्हता. पण थेट लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाला काढायचं तर भंग तितकाच गंभीर हवा आणि हा नव्हता. अर्थव्यवस्थेचा आरोप न्यायालयाने विचारातच घेतला नाही. कुणी कसं मत दिलं तेही जाहीर झालं नाही. ६३ दिवसांनी रो कामावर परतले आणि आठवड्याभरात अधिकृतपणे उरीत दाखल झाले.

न्यायाधीशांनी निवडणुकीचा निकाल पाहून निर्णय दिला का, यावर कोरियात बोललं जातं. निकालपत्रातलं तर्कशास्त्र त्याशिवायही उभं राहतं. एवढं मात्र खरं की १६ एप्रिलनंतर उलटा निकाल द्यायला फार मोठी छाती लागली असती.

उसनं बहुमत

उरीच्या १५२ जणांत १०८ पहिल्यांदाच निवडून आलेले. महाभियोगाच्या जोरावर आले म्हणून त्यांना ‘तान्दोरी’ हे टोपणनाव पडलं, आणि ते आपापसांत इतके भांडत की बौद्ध परंपरेतल्या मनाच्या १०८ क्लेशांवरून त्यांची थट्टा होई. चूल एका रागावर पेटलेली. राग विझला तसे ते विखुरले. राष्ट्रीय सुरक्षा कायदा रद्द करण्यासारख्या मोठ्या घोषणा २००४च्या अखेरीस अडकल्या, इराकला सैन्य पाठवल्याने तरुण समर्थक नाराज झाले. निवडणूक खटल्यांत जागा जाऊन वर्षभरातच बहुमत गेलं. ३० एप्रिल २००५च्या सहा पोटनिवडणुकांत उरीला एकही जागा मिळाली नाही. त्या उन्हाळ्यात रो यांनी ग्रँड नॅशनलपुढेच आघाडीचा प्रस्ताव ठेवला. ज्या मतदाराने त्यांना त्या पक्षापासून वाचवलं त्याला हे कसं पचावं? मे २००६च्या स्थानिक निवडणुकीत १६ मोठ्या पदांपैकी उरीला एकच मिळालं, उत्तर जोलाचं. ऑगस्ट २००७मध्ये पक्ष विसर्जित झाला. डिसेंबरमध्ये ली म्युंग-बाक ४८.७ टक्के मतांनी अध्यक्ष झाले. त्यांच्या विरोधात २६.१ टक्के मिळवून हरलेले उमेदवार होते चुंग डोंग-यंग.

तीच माणसं, दुसरी बाजू

२०१६च्या हिवाळ्यात अध्यक्षपदावर पार्क ग्युन-हे होत्या, तंबूवाल्या. मैत्रिणीच्या हस्तक्षेपाचं प्रकरण बाहेर आलं. मुख्य विरोधी पक्षाच्या प्रमुख होत्या चू मी-ए. या वेळी विरोधक आठवडेच्या आठवडे चाचरत राहिले. २००४ची आठवण हे त्याचं एक कारण होतं. रस्ता पुढे होता, संसद मागे. गॅलप कोरियाच्या डिसेंबरमधल्या चाचणीत ८१ टक्के लोक महाभियोगाच्या बाजूने होते, पार्क यांना मान्यता ४-५ टक्के. आणि सभागृहाचं गणित वेगळं होतं : ३००पैकी २०० मतं हवी होती, विरोधकांकडे ती नव्हती. सत्ताधारी पक्षातले तीसेक जण फुटल्याशिवाय ठराव होऊ शकत नव्हता. २००४मध्ये विरोधकांकडे आकडा आयता होता. कुणाला पटवायची गरज नव्हती, म्हणून त्यांनी कुणाला पटवलंच नाही. २०१६ला आकडा नसल्यामुळे पटवावं लागलं, थांबावं लागलं. ९ डिसेंबरला २३४ विरुद्ध ५६. मार्चमध्ये न्यायालयाने एकमताने शिक्कामोर्तब केलं आणि मे २०१७ला मून जे-इन ४१.१ टक्क्यांनी निवडून आले. पार्क यांच्या जुन्या पक्षाचा उमेदवार २४ टक्क्यांवर.

यावरून ‘जनमताच्या बाजूने राहिलं की जिंकतो, विरुद्ध गेलं की मरतो’ असा सोपा नियम करायचा मोह होतो. तो २०२५ने होऊ दिला नाही. तेव्हाचे अध्यक्ष यून सुक-योल यांनी ३ डिसेंबर २०२४च्या रात्री मार्शल लॉ पुकारला. त्यांच्या पक्षाच्या, म्हणजे पार्क यांच्या जुन्या पक्षाच्याच वारसदाराच्या, बहुतेक सगळ्या खासदारांनी ७ डिसेंबरच्या पहिल्या महाभियोग मतदानातून काढता पाय घेतला. गॅलप कोरियाप्रमाणे तीन चतुर्थांश लोक महाभियोगाच्या बाजूने असताना १४ तारखेलाही पक्षाची अधिकृत भूमिका विरोधाचीच राहिली. ठराव २०४ विरुद्ध ८५ असा जेमतेम झाला. एप्रिलमध्ये न्यायालयाने यून यांना एकमताने काढलं. ३ जूनला निवडणूक झाली : विरोधी पक्षाचे ली जे-म्युंग ४९.४ टक्के, यून यांच्या पक्षाचे किम मून-सू ४१.२. अध्यक्षपद गेलं, पण २०१७च्या २४ टक्क्यांच्या मानाने हा पक्ष मोडलेला म्हणता येणार नाही. देगूत किम यांना दोन तृतीयांश मतं मिळाली.